पाचांमुखी परमेश्वर

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील शार्लट्सव्हिल गावाजवळच्या एका कुरणावर १८ नोव्हेंबर २०२३ रोजी अडीचशेच्या आसपास विद्यार्थिनी सहा किलोमीटर धावल्या. त्या देशाच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची ही क्रॉसकंट्रीची अजिंक्यपद स्पर्धा. सर्वांच्या पुढे आलेली पार्कर व्हॅल्बी ही फ्लोरिडा विद्यापीठाची विद्यार्थिनी. परंतु सांघिक अजिंक्यपद फ्लोरिडाला मिळाले नाही. ते कोणाचे हे ठरविण्यासाठी मागून येणाऱ्या मुलींचे क्रमांक मोजावे लागले. बेरीज झाली तेव्हा नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या नावावर १२३ गुण होते आणि नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या नावावर १२४. या खेळात ज्याचे गुण कमी तो विजयी. त्यामुळे पहिल्या विद्यापीठाने लागोपाठ तिसऱ्या वर्षी अजिंक्यपद राखले आणि दुसऱ्याला एका गुणासाठी परत फिरावे लागले. एक गुण म्हणजे काय? शेवटच्या चढावर एका थकलेल्या मुलीने दुसऱ्या एका थकलेल्या मुलीला एका पावलाने मागे टाकणे, एवढेच. ती मुलगी कोण, हे तिच्या संघाबाहेर बहुधा कोणाला ठाऊकही नसते.

आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या नजरेस ही बातमी पडली असेल. अशा बातम्यांना आम्ही वृत्तपत्रवालेही क्वचितच जागा देतो, हा दोष आम्ही प्रथमच पदरी घेतो. क्रिकेटच्या एका चेंडूवर रकानेच्या रकाने खर्ची पडतात. चिखलातून, गवतातून, टेकड्यांवरून धावणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दोन ओळीही निघत नाहीत. मग आजच या विषयावर अग्रलेख लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, विद्यापीठाने खेळ कशासाठी जोपासावा, या प्रश्नाचे उत्तर या एका स्पर्धेच्या गुणपद्धतीत जितके स्वच्छ लिहिलेले आहे, तितके आम्हांस अन्यत्र कोठे आढळले नाही. आपल्या विद्यापीठांनी ते वाचावे अशी आमची इच्छा आहे. आणि खुद्द अमेरिकेतही ते आता पुसट होऊ लागले आहे, हेही सांगणे भाग आहे.

ही गुणपद्धती समजण्यास सोपी आहे. प्रत्येक विद्यापीठ सात धावपटू उतरविते. पहिल्या येणाऱ्याचा एक गुण, दहाव्याचे दहा, शंभराव्याचे शंभर. संघाविना एकेकटे धावणारे या मोजणीतून वगळावयाचे. प्रत्येक संघाच्या पहिल्या पाच धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज हा त्या संघाचा हिशेब. सहावा आणि सातवा यांचे क्रमांक बेरजेत येत नाहीत. परंतु त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्याला गाठले, तर त्याचा क्रमांक तेवढा खाली ढकलला जातो आणि प्रतिस्पर्ध्याची बेरीज वाढते. पहिले पाचही क्रमांक एकाच संघाने पटकावले, तर बेरीज पंधरा होते. याहून कमी बेरीज संभवतच नाही.

आता या साध्या अंकगणितातील मर्म पाहा. संघात एखादा अलौकिक धावपटू असला आणि तो दहाव्याऐवजी पहिला आला, तर संघाचे नऊ गुण वाचतात. याउलट पाचवा धावपटू नेहमी गर्दीत असतो. तेथे एका सेकंदात दोन-तीन जण रेषा ओलांडतात. त्याचे पाय दहा सेकंद जड झाले, तर वीस-पंचवीस जण त्याच्या पुढे निघून जातात आणि पुढच्या चौघांनी कमावलेले सारे तो घालवून बसतो. किंवा त्याने दहा सेकंद जीव एकवटला, तर पुढच्यांच्या चुका भरून निघतात. म्हणजे संघाची लाज किंवा अब्रू राखणारा हा पाचवा गडी होय. पाचांमुखी परमेश्वर असे आपण पंचांच्या निवाड्याविषयी म्हणतो. या खेळात ते शब्दशः खरे आहे. पाचवा आल्याखेरीज निवाडा होत नाही.

खेळाचा उगम इंग्लंडमधील निवासी शाळांत झाला. रग्बी येथील शाळेत १८३८ मध्ये सुरू झालेली क्रिक शर्यत आजही धावली जाते. ऑक्सफर्ड व केंब्रिज ही विद्यापीठे १८८० पासून परस्परांशी धावत आली आहेत. ऑलिंपिकमध्ये क्रॉसकंट्रीचा अंतर्भाव तीनच वेळा झाला: १९१२, १९२० आणि १९२४. पॅरिसच्या त्या अखेरच्या शर्यतीत इतका प्रखर उन्हाळा होता की, निघालेल्या ३८ जणांपैकी १५ जणच शर्यत पुरी करू शकले. फिनलंडचा पावो नुर्मी शांतपणे पहिला आला आणि बाकीच्यांची दैना पाहून ऑलिंपिकने हा प्रकार कायमचा सोडून दिला. ऑलिंपिकने सोडलेले हे पोर अमेरिकेतील विद्यापीठांनी सांभाळले. मिशिगन राज्यातील ईस्ट लॅन्सिंग येथे १९३८ मध्ये पहिली राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा झाली आणि पुढे १९६४ पर्यंत ती त्याच गावी भरत राहिली. पहिल्याच वर्षी या खेळाने आपला स्वभाव दाखविला: सर्वांत पुढे आलेला ग्रेग राइस नोटर डेम विद्यापीठाचा होता; अजिंक्यपद मात्र इंडियाना विद्यापीठाने नेले.

त्यानंतरच्या इतिहासात अशी उदाहरणे पदोपदी आढळतात. स्टीव्ह प्रीफॉन्टेन हे नाव अमेरिकेतील धावण्याच्या इतिहासात आख्यायिकेसारखे घेतले जाते. १९७० मध्ये तो ओरेगॉन विद्यापीठाकडून धावला आणि पहिला आला. तरीही त्याच्या विद्यापीठाचे गुण ८६ झाले आणि व्हिलानोव्हाचे ८५. पहिल्या क्रमांकावर येऊनही त्याचा संघ एका गुणाने हरला. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाची कथा तर याहून बोलकी आहे. गेरी लिंडग्रेनने १९६६, १९६७ व १९६९ मध्ये, तसेच केनियाच्या हेन्री रोनोने १९७६, १९७७ व १९७९ मध्ये ही शर्यत जिंकली. हे दोघेही त्याच विद्यापीठाचे. यांपैकी रोनोने १९७८ च्या एका मोसमात चार जागतिक उच्चांक मोडले. असे दोन असामान्य पुरुष लाभलेल्या, सहा वेळा पहिला क्रमांक मिळविलेल्या या विद्यापीठाला पुरुषांचे सांघिक अजिंक्यपद आजतागायत एकदाही मिळालेले नाही. दैवाने एखाद्या संस्थेला दोन सूर्य दिले, तरी दिवे स्वतःच लावावे लागतात, हाच याचा अर्थ.

२०२२ मध्ये ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे पुरुषांच्या शर्यतीत नॉर्दर्न ॲरिझोना आणि यजमान ओक्लाहोमा स्टेट या दोन्ही संघांचे गुण ८३ झाले. अशा वेळी दोन्ही संघांच्या पहिल्याची पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी, याप्रमाणे पाच जोड्या लावतात आणि ज्याचे तीन गडी सरस तो विजयी ठरतो. त्या हिशेबाने यजमानांना स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या लोकांसमोर अजिंक्यपद सोडावे लागले. बरोबरीचा निकाल लावतानासुद्धा या खेळाने सर्वांत वेगवान गडी कोणाचा, असे विचारले नाही. पाचांतले अधिक भरवशाचे कोणाचे, असे विचारले. पुढच्याच वर्षी ओक्लाहोमा स्टेटने ते अजिंक्यपद मिळविले, हेही येथे नमूद करावयास हवे.

ही स्पर्धा निर्दोष आहे असा आमचा दावा नाही. स्त्रियांच्या बाबतीत तिचा इतिहास संकोचाचा आहे. शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये झाला. महिलांच्या स्वतंत्र क्रीडा संघटनेने १९७५ मध्ये क्रॉसकंट्रीची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेने मात्र त्यांना १९८१ मध्ये जागा दिली. प्रारंभी स्त्रियांना पाच किलोमीटर धावू देत, २००० पासून सहा. पुरुष दहा किलोमीटर धावतात. जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धेत २०१७ पासून स्त्री-पुरुष दोघेही दहा किलोमीटर धावत असताना २०२५ च्या महाविद्यालयीन स्पर्धेतही हा सहा-दहाचा भेद तसाच होता. मॅरेथॉन धावू शकणाऱ्या स्त्रीला विद्यापीठात आणखी चार किलोमीटर झेपणार नाहीत, ही समजूत कोणत्या शास्त्रावर आधारलेली आहे, हे त्या संघटनेनेच सांगावे.

दुसरा आक्षेप आमच्या मूळ प्रतिपादनावरच येतो, म्हणून त्याचा विचार अधिक गांभीर्याने करावयास हवा. पाचवा गडी घडवावा लागतो हे खरे. पण पाचही गडी बाहेरून आणता येतातच की! एल पासो येथील टेक्सास विद्यापीठाने १९६९ ते १९८१ या काळात सात वेळा पुरुषांचे अजिंक्यपद जिंकले, ते प्रामुख्याने आफ्रिकेतून आलेल्या धावपटूंच्या बळावर. १९८१ मध्ये त्यांची बेरीज अवघी १७ होती. इतकी कमी बेरीज या स्पर्धेत दुसऱ्या कोणत्याही संघाची झालेली नाही. तेव्हापासून आजवर परदेशी विद्यार्थी आमच्या मुलांच्या जागा घेतात, अशी ओरड तेथे अधूनमधून होत असते. आमच्या मते या ओरडीत अर्धेच सत्य आहे. केनिया किंवा टांझानियातील एखाद्या गरीब घरातील मुलाला पायांच्या जोरावर विद्यापीठाची पदवी मिळत असेल, तर त्यात कोणाचेही नुकसान नाही. झालाच तर त्याच्याबरोबर धावणाऱ्या अमेरिकन मुलांचा लाभच आहे. दोष पाहुण्याचा नव्हे. स्वतःचा पाचवा घडविण्याचे कष्ट टाळण्यासाठी जो यजमान पाहुण्याला राबवितो, त्याचा आहे. पाहुणा वर्गात बसतो, शिकतो, पदवी घेतो, तोवर तो त्या विद्यापीठाचाच मुलगा. तो केवळ गुण आणणारे यंत्र झाला की मग विद्यापीठ आणि बाजार यांत फरक उरत नाही.

आणि बाजार आता खरोखरच दाराशी आला आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल आणि बास्केटबॉल हे अब्जावधी डॉलरांचे उद्योग आहेत. त्यातील खेळाडूंना मात्र वर्षानुवर्षे शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हते. हा अन्याय होता आणि तो न्यायालयात टिकला नाही. ६ जून २०२५ रोजी तेथील संघीय न्यायालयाने एका मोठ्या तडजोडीस मान्यता दिली. तीनुसार विद्यापीठांना त्या वर्षापासून खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला. त्याची पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर अशी ठरली. ज्यांच्या घामावर हा पैसा उभा राहिला त्यांना त्यातील वाटा मिळावा, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु याच तडजोडीने प्रत्येक खेळाच्या संघावर संख्येची मर्यादाही घातली. तीत सहभागी झालेल्या विद्यापीठांसाठी क्रॉसकंट्रीची मर्यादा सतरा आहे.

सात धावणार, मग सतरा पुरेसे नाहीत काय, असे वरवर पाहता वाटेल. पण हा खेळ जाणणारा तसे म्हणणार नाही. पुरुषांच्या क्रॉसकंट्री व मैदानी खेळांसाठी मिळून तेथे पूर्वी १२.६ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्यांतच धावणारे, उड्या मारणारे, गोळा फेकणारे साऱ्यांची वाटणी. साहजिकच अनेक मुले शिष्यवृत्तीवाचूनच दाखल होत. कोणी न बोलावता येत, पहाटे सर्वांच्या मागे धावत, दोन वर्षे कोणत्याही शर्यतीत त्यांचे नाव नसे आणि तिसऱ्या वर्षी त्यांतलाच एखादा संघाचा पाचवा होई. लांब पल्ल्याचा धावपटू हा आंब्याच्या झाडासारखा असतो. पहिल्या दोन वर्षांत फळ नाही म्हणून कोणी ते उपटीत नाही. संख्येची कात्री चालली की ती प्रथम याच मुलांवर चालते. शिवाय फुटबॉलसाठी पैसा कमी पडू लागला की कोणता खेळ बंद करावा, याचा शोध सुरू होतो आणि तिकिटे न विकणारा खेळ प्रथम डोळ्यांत येतो. क्लेमसन विद्यापीठाने २०२० मध्ये पुरुषांचा मैदानी खेळ व क्रॉसकंट्री विभाग बंद करण्याचे जाहीर केले होते. विद्यार्थ्यांनी व माजी खेळाडूंनी लढा दिला, तेव्हा २०२१ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. प्रत्येक वेळी असा लढा यशस्वी होईलच असे नाही.

संस्थेची खेळाडूंप्रती जबाबदारी काय असते, याचे एक दारुण स्मरण या स्पर्धेशी जोडलेले आहे. २५ नोव्हेंबर १९८५ रोजी मिलवॉकी येथे आयोवा स्टेट विद्यापीठाच्या मुलींनी दुसरा क्रमांक मिळविला. त्याच सायंकाळी तीन लहान विमानांतून चमू परत निघाला. हवा बर्फाळ होती. दोन विमाने सुखरूप उतरली. तिसरे डी मॉइन शहरात कोसळले आणि तीन धावपटू मुली, दोन प्रशिक्षक, एक सहायक विद्यार्थिनी व वैमानिक असे सात जीव गेले. सकाळी ज्यांच्या क्रमांकांची बेरीज झाली, त्यांतील काही संध्याकाळी उरल्या नाहीत. मुले संस्थेच्या नावाचा सदरा घालून जेव्हा घराबाहेर पडतात, तेव्हा ती परत दारी पोहोचेपर्यंत संस्थेचीच असतात. हे सांगण्यासाठी असा प्रसंग यावा लागू नये.

इथवर आम्ही अमेरिकेविषयी लिहिले. आता आपल्या घरात डोकावणे प्राप्त आहे, कारण परक्याच्या अंगणातील केर दाखविण्यात पुरुषार्थ नाही.

आपल्याकडेही अखिल भारतीय आंतरविद्यापीठ क्रॉसकंट्री स्पर्धा भरते आणि तीत सांघिक विजेतेपदही असते. परंतु अनेक ठिकाणी विद्यापीठाचा चमू कसा तयार होतो, हे क्रीडाशिक्षकांना विचारून पाहावे. स्पर्धेचे पत्रक येते, घाईने निवड चाचणी होते, जे पुढे येतील त्यांना सदरे वाटले जातात आणि मिळेल त्या गाडीने, प्रसंगी आरक्षणावाचून, दोन रात्रींचा प्रवास करून ती मुले शर्यतीच्या आदल्या दिवशी पोहोचतात. जो आधीच चांगला आहे तो चांगला धावतो. बाकीचे हजेरी लावून परततात. परतल्यावर पुन्हा वर्षभर कोणी कोणाला विचारीत नाही. म्हणजे ज्या खेळात पाचव्याला घडवायचे, त्या खेळात आपण फक्त पहिल्याची वाट पाहत बसतो. तो नशिबाने मिळाला तर फलक लावतो. नाही मिळाला तर आपल्याकडे गुणवत्ताच नाही, असा निर्वाळा देऊन मोकळे होतो.

गुणवत्ता नाही हे विधान इतिहासाला धरून नाही. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यती पाहताना सर दोराबजी टाटांचे लक्ष अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांनी वेधून घेतले. या माणसांना ना पादत्राणे, ना प्रशिक्षक, ना तंत्राची ओळख. तरी त्यांची धाव युरोपातील धावपटूंच्या फार मागे नाही, हे त्यांनी जाणले. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा चमू गेला. त्या चमूतील फडेप्पा चौगुले हे आपल्या बेळगावचे. अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. ज्या सीमाभागाच्या मातीत असा पुरुष निपजला, तेथील किती महाविद्यालयांच्या क्रीडाफलकावर त्यांचे नाव आहे, हा प्रश्न आम्ही कोणाला दुखविण्यासाठी विचारीत नाही. परंतु विचारल्यावाचून राहवत नाही.

अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेचे घ्यावे. लहानपणी शाळेपर्यंतचे सहा किलोमीटर पायी वा धावत तोडणारा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला आणि २०१५ मध्ये सैन्यातील क्रॉसकंट्री शर्यतीतून त्याचे पाय जगाला दिसले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळविले आणि पुढच्या वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. सैन्याने त्याला शोधले याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या दारावरून हा मुलगा निघून गेला आणि कोणाला कळले नाही, याची खंतही वाटते. सैन्याकडे असे काय होते जे आपल्याकडे नव्हते? पैसा नव्हे. सैन्यात पलटणीची शर्यत असते. तेथे एकाला नव्हे, सर्वांनाच धावावे लागते. सर्वांना धावविणाऱ्याच्याच हाती साबळे लागतो.

या खेळाला संगमरवरी पायऱ्यांची क्रीडागारे लागत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली. त्या निमित्ताने बांधकामांची आणि खर्चाची पुष्कळ चर्चा झाली. क्रॉसकंट्रीला लागते ती मोकळी जमीन: चढ, उतार, गवत, चिखल. ती गोव्याला निसर्गाने ओंजळी भरभरून दिली. आमचे जांभ्या दगडाचे सडे, खाजनांचे बांध, समुद्रकाठची वाळू आणि सत्तरी-सांग्याच्या डोंगरवाटा यांपेक्षा उत्तम मैदान कोठे सापडेल? परंतु सड्यामागून सडा वसाहतींखाली जात आहे आणि मोकळी जमीन म्हणजे न विकली गेलेली जमीन, अशी एक नवी व्याख्या रूढ होत आहे.

येथे अमेरिकेतील या स्पर्धेकडून एक धडा घेण्यासारखा आहे. इंडियाना राज्यातील टेरे होट येथे क्रॉसकंट्रीसाठीच मुद्दाम तयार केलेले एक मैदान आहे. राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा तेथे २००२ पासून डझनभर वेळा तरी झाली. ती जमीन एके काळी कोळशाच्या खाणीची होती. पोखरून टाकलेली भूमी सारखी करून, तिच्यावर गवत वाढवून १९९७ मध्ये तेथे धावण्याची वाट आखण्यात आली. आमच्या डिचोली, सत्तरी, सांगे भागांत लोहखनिजाच्या खाणींनी केलेल्या जखमा कोणाला दाखवाव्या लागत नाहीत. २०१२ मध्ये खाणकाम थांबले, पुढे सुरू झाले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबले. या सगळ्या काळात खनिज किती, महसूल किती, रोजगार किती याच्या चर्चा झाल्या. खणून झालेल्या जमिनीचे गावाला काय परत द्यायचे, हा प्रश्न मात्र शेवटच्या पानावर राहिला. त्या भागातील एखादी टेकडी सुरक्षित करून, झाडे लावून, मुलांच्या धावण्यासाठी राखून ठेवणे अशक्य आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. अशक्य वाटते ते एवढ्याचसाठी की, त्यातून कोणाला कंत्राट मोठे मिळणार नाही.

आमच्या सूचना थोड्या आहेत आणि स्वस्त आहेत. विद्यापीठाने वर्षातून एकदा निवड चाचणी घेण्याऐवजी पावसाळा सरल्यावर महिन्याला एक याप्रमाणे तीन-चार आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्री शर्यती भरवाव्यात आणि त्यांत पाच जणांच्या बेरजेनेच ढाल द्यावी. वैयक्तिक बक्षीस हवे तर दुय्यम ठेवावे. एवढ्या एका नियमाने प्रत्येक महाविद्यालयाला किमान सात मुले आणि सात मुली धावत्या ठेवणे भाग पडेल. मुलींचे अंतर मुलांइतकेच ठेवावे. परगावी जाणाऱ्या चमूला आरक्षित तिकीट, दोन वेळचे पुरेसे जेवण आणि मुलींबरोबर एक शिक्षिका, एवढे तरी देण्यास कोणत्याही संस्थेची तिजोरी रिकामी होत नाही. आणि विद्यापीठांभोवतीची जी मोकळी पठारे आज शिल्लक आहेत, तेथे एकदा वाट आखून ती नकाशावर नोंदवावी, म्हणजे उद्या कोणी ती गिळू लागला तर निदान दाखवायला कागद राहील. वृत्तपत्रांनीही पहिल्याचे छायाचित्र छापून न थांबता पाचव्यापर्यंतची नावे द्यावीत. हा नियम आम्ही स्वतःलाही लावून घेत आहोत.

यावर कोणी म्हणेल की, अशाने ऑलिंपिक पदके येतात काय? लगेच येतील असे आम्ही म्हणत नाही. परंतु विद्यापीठाचे काम पदके आणण्याचे नाही. माणसे घडविण्याचे आहे. पहिला येणारा धावपटू बहुधा आईच्या पोटातूनच काही घेऊन आलेला असतो. त्याचे श्रेय घेण्याचा संस्थेला फारसा अधिकार नाही. पाचवा मात्र ती संस्था कशी आहे ते सांगतो. त्याला पहाटे कोणी उठविले, त्याच्या दुखऱ्या पायाची कोणी चौकशी केली, तो मागे पडत असताना त्याला संघातून काढून टाकण्याची घाई कोणी केली नाही, हे सारे त्याच्या क्रमांकात उतरलेले असते. आपल्या देशाची एकूण मोजदाद आपण फार दिवस पहिल्यावरून करीत आलो आहोत: शाळेची बोर्डात आलेल्या मुलावरून, गावाची परदेशी गेलेल्या पुत्रावरून. ती मोजणी एकदा पाचव्यावरून करून पाहावी. बेरीज मोठी निघेल आणि ती पाहून मान खाली जाईल. पण कामाला कोठून लागावे, हे तरी त्या बेरजेतून कळेल.